कोळसा उगाळावा तितका कामाचा

मागच्या अंकात मी एक वाक्य सहज लिहून गेले होते, की रंगाच्या सांडपाण्यात कोळशाची पूड टाकली तर जिवाणूंचं रंग तोडायचं काम झपाट्यानं उरकतं. त्या एका वाक्यावर अकरा पत्रं आली. पाणी उकळून गार करण्यावर मी तीन पानं लिहिली होती, तेव्हा एकही आलं नव्हतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात, इटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागाच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काढली आहेत. त्यामुळे ही पत्रं वाचताना बोटांना पुन्हा रंग लागल्यासारखं झालं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच पत्रं निवडली आहेत.

ताई, आमचं पैठणला रेशीम रंगवायचं घरचं काम आहे. रोज अडीचशे-तीनशे लिटर रंगाचं पाणी मागच्या खड्ड्यात जातं. तुमचं वाचून चुलीतला कोळसा कुटून दोन घमेली टाकला. आठ दिवस झाले, पाणी लालच यायलंय. काय चुकलं सांगा बरं. — एक रंगारी, पैठण

आधी कोळशाचं बोलू. चुलीतला कोळसा म्हणजे निम्मी राख, आणि उरलेल्याची छिद्रं डांबरानं बुजलेली. सक्रिय कार्बन म्हणून जो विकत मिळतो तो नारळाच्या करवंट्यांपासून किंवा दगडी कोळशापासून करतात. आठशे-नऊशे अंशांवर वाफ सोडून त्याची छिद्रं मोकळी केलेली असतात. त्याच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग साधारण ५०० ते १५०० चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत, चिमटीत मावेल एवढ्या पुडीत दहा गुंठे रान. कोळसा उगाळावा तितका काळाच ही म्हण आमच्या धंद्यात उलटी आहे. उगाळावा तितका तो कामाचा होतो, कारण पाण्याला आत शिरायला वाटा वाढतात.

पण उद्या तुम्ही चांगला कार्बन आणून त्याच खड्ड्यात टाकलात, तरी काय होईल? चार-आठ दिवस रंग त्याला चिकटेल. मग दहा गुंठे भरतील आणि पाणी पुन्हा लाल. पोतं भरलं की भरलं. मी म्हणत होते ते दुसरंच काम आहे. त्यात रंग तोडतात जिवाणू, कार्बन फक्त त्यांना हात देतो. त्यासाठी जिवाणू हवेत, त्यांना खायला हवं, हवा बंद हवी आणि पाणी फार आंबट किंवा फार खारं नको. तुमच्या उघड्या खड्ड्यात यातलं काहीच धड नाही.

गंमत अशी की तुमच्याच घरात सगळं सामान पडलंय. रेशमाला तुम्ही आम्लरंग वापरता, त्यात असेटिक ॲसिड घालता. म्हणून रंगाचं पाणी आंबट. त्याआधी कच्चं रेशीम साबण-सोड्यात उकळून त्याचा डिंक काढता, ते पाणी सोड्याचं. कच्च्या रेशमाच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा हा डिंक असतो, आणि तो म्हणजे निव्वळ प्रथिन. ही दोन पाणी तुम्ही आजवर वेगवेगळी फेकत आलात. एकत्र केलीत तर एकानं दुसऱ्याचा आंबटपणा मारला जातो. शिवाय डिंकातलं प्रथिन आणि असेटिक ॲसिड, दोन्ही जिवाणूंचं जेवण. रंगावर जिवाणूंचं पोट भरत नाही, हे लक्षात ठेवा. त्यांना भाकरी दुसरीकडून लागते, रंग ते जाता जाता तोडतात.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. हजार लिटरची झाकणाची प्लास्टिकची टाकी घेऊन तिचा पाचवा हिस्सा चालू गोबरगॅसच्या स्लरीनं भरला असता. त्यात सक्रिय कार्बनची पूड एकदाच, अर्धा किलो. मग दोन्ही पाणी मिसळून पीएचचा, म्हणजे पाणी किती आंबट ते दाखवणारा, कागद बुडवायचा. आकडा सातच्या आसपास आला की रोज थोडं थोडं, टाकीच्या बुडाशी सोडायचं. पहिले दोन-तीन आठवडे शंभर लिटरच, जिवाणूंना सवय होऊ द्या. पुढे तीनशे लिटर घातलंत तरी पाणी तीनेक दिवस टाकीत मुरतं. बाहेर काढायचं ते वरच्या नळानं, म्हणजे कार्बन आणि गाळ तळाशी राहतो. आपल्याकडचा उन्हाळा इथे फायद्याचा, पस्तीस अंशांच्या आसपास हे जिवाणू खुशीत असतात. डिसेंबर-जानेवारीत मंदावतील, तेव्हा घाई करू नका.

झाकणाला एक बारीक नळी लावून ती छपराच्या वर न्या. आणि टाकीत किंवा झाकलेल्या खड्ड्यात गाळ काढायला कुणी उतरायचं नाही. मिथेन आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आत साठतो. तुम्ही रंगताना ग्लॉबर सॉल्ट घालत असाल तर हा दुसरा वायू जास्तच निघणार, कारण ते मीठ सल्फेटचं असतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका. जास्त झाला की तो नाकच बधिर करतो.

आता खरी मेख. वरच्या नळातून पाणी बिनरंगी यायला लागलं की तुम्हाला वाटेल, जिंकलो. आमच्या कारखान्यातही एकदा असंच झालं होतं. साहेबांनी पाहुण्यांसमोर काचेच्या ग्लासात पाणी धरलं आणि म्हणाले, ‘‘बघा, पिऊन दाखवू?’’ मी ग्लास त्यांच्या हातातून काढूनच घेतला. संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवलेलं तेच पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. रंगाचा रेणू तुटतो तेव्हा त्याचे तुकडे पाण्यातच राहतात. ते ॲरोमॅटिक अमाइन. दिसायला बिनरंगी, पण त्यातले काही मूळ रंगाहून विषारी आणि काही कॅन्सरला कारण होणारे. हवा लागली की त्यांच्यातलेच काही पुन्हा रंग धरतात. याच तुकड्यांपायी आपल्या सरकारनं १९९०च्या दशकात ११२ रंगांवर बंदी घातली. तुमच्या डब्यावर रंगाचं पूर्ण नाव आणि नंबर नसेल, नुसतं ‘रानी’ किंवा ‘मोरपंखी’ लिहिलेलं असेल, तर तो डबा घेऊ नका.

म्हणून दुसरी टाकी लागतेच, आणि तिच्यात हवा. छोटा एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा, पाणी निदान एक दिवस त्यात फिरवायचं. हवेवर जगणारे जिवाणू हे तुकडे खातात. सगळे नाही, पण बरेच. त्यानंतर निवळून मगच बाहेर. पहिल्या टाकीवर पैसे घालून दुसरी उद्यावर ढकलणार असाल, तर माझं मत विचारू नका. मग लाल पाणीच बरं, निदान लोक लांब तरी राहतात.

मॅडम, मी नांदेडला एमएस्सीला आहे. कार्बन इलेक्ट्रॉनची ने-आण करतो असं वाचलं. पण कार्बन तर स्वतः काही खात नाही की तोडत नाही, मग त्याच्यामुळे वेग कसा वाढतो? आणि ग्राफीन किंवा नॅनोट्यूब वापरले तर जास्त चांगलं का? — एक विद्यार्थिनी

तू नांदेडची, म्हणजे मोंढा पाहिलेला असणार. शेतकरी सोयाबीन घेऊन येतो, व्यापाऱ्याला सोयाबीन हवंय, पण दोघांची गाठ पडत नाही. मध्ये आडत्या. तो माल स्वतःसाठी घेत नाही, इकडून घेतो आणि तिकडे देतो. दिवसभरात शंभर गाड्या त्याच्या दुकानावरून जातात आणि रात्री दुकान रिकामं. कार्बन हा आडत्या आहे, आणि आडतही घेत नाही.

शेतकरी म्हणजे जिवाणू. ते अन्न खातात तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते कुणाच्या तरी पदरात टाकल्याशिवाय त्यांचा श्वास चालत नाही. हवेत असले तर ऑक्सिजनला देतात. आपल्या कापडाच्या रंगांतले बहुतेक ॲझो रंग. त्यांच्या पोटात दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध असतो आणि तो तोडायला चार इलेक्ट्रॉन लागतात. ऑक्सिजन हजर असला की रंगाला कोण विचारतो! म्हणून हवा बंद करायची. पण तरी अडचण उरते. हे रंग मोठे, सल्फोनेट गट लावलेले, जिवाणूच्या पेशीत सहज शिरत नाहीत. माल घरात आणि गिऱ्हाईक वेशीबाहेर, अशी गत. इलेक्ट्रॉन बाहेर नेऊन द्यायला कुणीतरी हवं.

हे काम क्विनोन नावाचे रेणू करतात. क्विनोन दोन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोक्विनोन होतो, रंगाला देऊन पुन्हा क्विनोन, आणि परत पहिल्यापासून. ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, तेही असंच करतं. आधी लोकांनी पाण्यात विरघळणारे क्विनोन वापरून पाहिले. काम छान व्हायचं, पण पाण्याबरोबर वाहून जायचे आणि रोज नवे घालावे लागायचे. मग नेदरलँड्समधल्या वाखनिंगन विद्यापीठात व्हॅन डर झी, लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं की सक्रिय कार्बनच्या पृष्ठभागावरच क्विनोनसारखे गट असतात. जिवाणू ॲसिटेट (असेटिक ॲसिडचंच रूप) खाऊन त्या गटांना इलेक्ट्रॉन देतात आणि कार्बन ते रंगाला देतो. शिवाय कार्बन घन, गाळाबरोबर टाकीतच राहतो. आडत्याचं दुकान मोंढ्यातच, रोज उठून नवीन आडत्या शोधायला नको. हे लेटिंगा म्हणजे खालून वर पाणी चढवणाऱ्या यूएएसबी टाकीचे जनक. ती टाकी आधी बीटच्या साखर कारखान्यांच्या पाण्यासाठी निघाली. आपल्याकडे साखर-मद्यार्क कारखान्यांत तिची भावंडं दिसतील.

तुझ्या प्रश्नातला ‘वेग कसा’ हा भाग नीट पकड. कार्बन नवीन क्रिया घडवत नाही. जी क्रिया रखडत चालली होती तिची सगळ्यात अरुंद जागा तो रुंद करतो. म्हणूनच थोड्यावर भागतं. प्रयोगांत लिटरमागे ०.१ ग्रॅमपासून एखाद ग्रॅमपर्यंत कार्बननं फरक दिसतो. नुसता चिकटवून रंग काढायचा असता तर यात भागलं नसतं.

नॅनोट्यूब आणि ग्राफीन, म्हणजे कार्बनच्याच अतिसूक्ष्म नळ्या आणि पापुद्रे, प्रयोगशाळेत जोरात काम करतात, कारण त्यांच्यातून वीज सहज वाहते आणि बारीक छिद्रांत मोठा रेणू अडकण्याचा प्रश्न नसतो. सक्रिय कार्बनची बरीचशी छिद्रं इतकी बारीक की रंगाचा मोठा रेणू आत जातच नाही. दहा गुंठ्यांतले चारच पेरणीला मिळतात म्हण. पण नॅनो पावडर गाळाबरोबर न थांबता वाहून गेली तर पुढे नदीत तिचं काय करायचं? चुंबकीय कण जोडून ती परत ओढून घेण्याचे प्रयोग झालेत. प्रबंधासाठी विषय झकास आहे. कारखान्यासाठी मी तरी करवंटीच्या कार्बनवरच थांबेन.

प्रयोग करायचाच असेल तर बाटल्या पाच ठेव. एक नुसता रंग, एक रंग आणि कार्बन, एक रंग आणि जिवाणू, एक तिन्ही, आणि एकीत तिन्ही पण जिवाणू उकळून मारलेले. ही पाचवी बाटली विद्यार्थी विसरतात. मग कार्बनला चिकटलेला रंग जिवाणूंच्या खात्यावर मांडतात.

आमच्या युनिटमध्ये सुती कापड रिॲक्टिव्ह रंगानं रंगवतो. एरेशन टँक (हवा सोडायची टाकी) आहे, सीओडी (पाण्यातली एकूण घाण मोजायचा आकडा) उतरतो पण रंग हटत नाही. सल्लागार म्हणतात एरेशनमध्येच कार्बन पावडर टाका. टाकू का? — एक सुपरवायझर, वाळूज

सल्लागार नवीन काही सांगत नाहीत. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीनं १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या आपल्या चेंबर्स वर्क्स कारखान्यात हेच केलं होतं, आणि त्या पाण्यात रंग बनवण्याचंही सांडपाणी होतं. फायदे खरे आहेत. एखाद्या दिवशी जास्तीचं विष आलं तर कार्बन ते धरून ठेवतो आणि जिवाणू वाचतात, गाळ जड होऊन लवकर बसतो, रंगही उतरतो. पण हवेच्या टाकीत रंग उतरतो तो चिकटून. आडत्याचं काम तिथे फारसं नाही, ऑक्सिजन सगळा माल उचलतो. म्हणजे पावडर रोज लागणार. येणाऱ्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम धरा, दिवसाला शंभर घनमीटर पाणी असेल तर रोज दहा किलो. महिन्याचं बिल तुम्हीच काढा, त्यात गाळ वाहून न्यायचा खर्च धरून.

आणखी एक, हे मी स्वतः करून बसले आहे. पहिल्यांदा पावडर घातली तेव्हा उत्साहात एकदम पन्नास किलो ओतली. निवळण टाकी लहान होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यात शाईसारखं पाणी! लाल जाऊन काळं आलं. आमचा ऑपरेटर म्हणाला, ‘‘मॅडम, आता रंग कोणता लिहू रजिस्टरमध्ये?’’ मी त्या दिवशी दुपारचं जेवले नाही. पावडर घालायचीच तर आधी ओली करून, रोज थोडी, आणि निवळण टाकीत गाळ बसवणाऱ्या पॉलिमरची सोय पाहून. पंपांचे इंपेलर, म्हणजे आतली फिरती पाती, तेही ती घासून खाते.

माझा सल्ला वेगळा आहे. एरेशनच्या आधी एक बंद टाकी बांधा, त्यात कार्बन एकदा घाला, आणि कांजी काढल्याचं पाणी तिच्यात वळवा. त्यातलं स्टार्च जिवाणूंना भाकरी. रंग तिथे तुटेल, तुकडे एरेशनमध्ये जातील. लिटरमागे बीओडी (जिवाणूंना खाता येणारी घाण) ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला मग एरेशनला दम राहील. मात्र मिठाचं काय? रिॲक्टिव्ह रंगाला तुम्ही लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम मीठ घालता. ते ना कार्बन धरतो ना जिवाणू खातात. जास्त झालं तर उलट जिवाणूच मान टाकतात. मिठाचं पहिलं पाणी वेगळं काढल्याशिवाय टाकी बांधू नका.

नव्या साडीचा रंग उतरलेलं पाणी कुंड्यांना घातलं तर चालेल का? — एक गृहिणी, परभणी

कढीपत्ता, पालेभाजी, तुळस यांना नको. एक-दोन बादल्यांनी शोभेचं झाड मरत नाही, पण साबण आणि मीठ कुंडीत साठत जातं. मोरीतच जाऊ द्या.

माझ्या चार एकर कापसाच्या पळाट्या दरवर्षी पेटवून देतो. त्याचा कोळसा करून कारखान्यांना विकता येईल का? — एक शेतकरी, जालना

करता येईल, विकता येईलच असं नाही. जुन्या तेलाच्या पिंपात कमी हवेत पळाट्या जाळल्या, तर वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा बायोचार, म्हणजे असा काडीकचऱ्याचा कोळसा, मिळतो. एक टन वाळलेल्या पळाट्यांना अडीच-तीन क्विंटल. तुम्ही आत्ता जाळता त्यात हाती फक्त राख लागते, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या.

हा बायोचार सक्रिय कार्बन नव्हे. पण आडत्याचं काम त्यालाही येतं. साधारण चारशे ते सहाशे अंशांना केलेल्यात क्विनोनसारखे गट बरे टिकतात. त्याहून जास्त तापवला तर गट कमी होतात, पण तो वीज चांगली वाहू देतो, म्हणजे दुसऱ्या वाटेनं उपयोगी. अडचण अशी की पिंपाच्या तळाशी एक उष्णता आणि तोंडाशी दुसरी. कारखानदार पोत्यागणिक सारखा माल मागतो, आयोडीन नंबर (कार्बन किती शोषतो त्याचा आकडा) विचारतो. तुमच्या एका पिंपातच तीन प्रतीचा माल निघेल. राख असल्यानं तो खारटही असतो, दोनदा पाण्यात धुवावा लागेल, आणि जालन्यात मे महिन्यात पाणी कुठून आणता?

मी म्हणेन, पहिल्या वर्षी एकच पिंप करा. शेणखतात मुरवून निम्म्या वाफ्यात घाला, निम्मा तसाच ठेवा. उरलेल्यातला पाचेक किलो जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात द्या. तिथल्या पोरांना फुकट नमुना हवाच असतो, तुम्हाला फुकट तपासणी. पैठणच्या रंगारीबुवांनाही चालेल, पण अर्धा किलोऐवजी दोन किलो घालावा लागेल असं धरून चला.

ता. क. — कृपया रंगीत पाण्याच्या बाटल्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवू नयेत. गेल्या महिन्यात एक फुटली आणि बाकीची सगळी पत्रं मला राणी रंगात वाचावी लागली. पाण्याचा पीएच, रंगाच्या डब्यावरचं नाव आणि रोज किती लिटर, एवढं लिहून पाठवलंत तरी पुरे.